जुन्या पोलीस ठाण्याचं इतिहास दालन: भिंतीवर काय लावायचं आणि पेटीत काय ठेवायचं

प्रश्न विचारणारे सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात हवालदार आहेत. ठाणं जुनं, इमारत दगडी, फलकावर 'स्थापना १८६१'. येत्या २ जानेवारीला, रेझिंग डे सप्ताहात (महाराष्ट्र पोलिसांच्या स्थापना दिनाचा सप्ताह), ठाण्यातच एक इतिहास दालन उघडायचं साहेबांच्या मनात आहे. बारा बाय पंधराची एक खोली मोकळी झाली आहे. माळ्यावरून निघालेल्या वस्तूंची त्यांनी दिलेली यादी अशी: मोडी आणि बाळबोध रजिस्टरं, जुने ग्रुप फोटो, दोन मस्केट (जुन्या लांब बंदुका), बेड्या, पितळी बकलं आणि बिल्ले, एक लोकरी कोट, काठ्या. बेत असा की सगळं घासूनपुसून, पॉलिश करून काचेच्या कपाटात मांडायचं, भिंतीवर आजवरच्या अधिकाऱ्यांचे फोटो आणि नावांचा फलक लावायचा. "अजून काय करता येईल?" एवढंच त्यांनी विचारलं आहे.

आधी एक विनंती. पॉलिश आणि साफसफाई आज थांबवा. बाकीचं सगळं नंतर दुरुस्त करता येतं, घासलेला बिल्ला नाही.

माझ्या मते खरी अडचण सजावटीची नाही. ठाण्याचा मान राखायचा तर दालनातल्या प्रत्येक ओळीमागे पुरावा लागतो, आणि या जिल्ह्यांत तो पुरावा काही ठिकाणी अवघड जागी नेतो. ते टाळून केलेलं दालन एखादा जाणता गावकरी पाच मिनिटांत मोडीत काढतो. त्यामुळे क्रम असा धरा: नोंद, पुरावा, परवानगी, आणि मग मांडणी. २ जानेवारीपर्यंत पहिले तीन टप्पे पूर्ण होणार नाहीत, हे साहेबांना आत्ताच सांगा. पहिल्या वर्षी दहा-बारा पॅनल आणि फोटोंच्या नकला एवढंच उघडलं तरी पुष्कळ झालं.

स्थापनेच्या सालापासूनच सुरुवात करा, कारण ते पहिल्या पॅनलवर येणार. फलकावर १८६१ असेल तर मला पहिली शंका येते की कोणीतरी ते १८६१ च्या पोलीस कायद्यावरून घेतलं असावं. मुंबई इलाख्याचे जिल्हा पोलीस त्या कायद्यावर उभे नाहीत. इथे १८६७ चा सातवा कायदा, मग १८९० चा मुंबई जिल्हा पोलीस कायदा, आणि स्वातंत्र्यानंतर १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम आला. तोच आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने चालतो. म्हणजे १८६१ बरोबर असूही शकेल, पण तसा कागद हाती येईपर्यंत ते छापू नका.

'स्थापना' म्हणताना चार वेगळ्या गोष्टी एकात मिसळतात: त्या गावात पोलिसांचं ठाणं बसलं ते साल, आजची इमारत बांधली ते साल, सरकारी अधिसूचनेने हद्द ठरली ते साल, आणि आजच्या नावाने ठाणं चालू झालं ते साल. चारही वेगळी निघाली तर चारही लिहा. इमारतीचं साल बांधकाम विभागाच्या इमारत नोंदवहीत, सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेत किंवा चौकटीवरच्या दगडात सापडतं. हद्दीची अधिसूचना जुन्या मुंबई सरकारच्या राजपत्रात मिळते. १८८५ च्या सातारा गॅझेटिअरमध्ये (मुंबई इलाख्याच्या मालिकेतला १९ वा खंड) न्याय आणि पोलिसांवर स्वतंत्र मजकूर आहे. त्यात तुमच्या गावाचा उल्लेख सापडला तर किमान 'तोवर ठाणं होतं' एवढं छातीठोक सांगता येतं. काहीच हाती लागलं नाही तर 'हातात असलेली सर्वात जुनी नोंद अमुक सालची' हे वाक्य लिहा. त्यात कमीपणा काही नाही, उलट त्या वाक्याला कोणी आव्हान देऊ शकत नाही.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे. सातारचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं आणि त्याचा जिल्हा झाला. तासगाव, वाळवा, खानापूर हे आज सांगलीत असलेले तालुके तेव्हा त्याच सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे इस्लामपूर किंवा विट्याच्या ठाण्याचे जुने कागद साताऱ्याच्या नावाखाली शोधावे लागतात. सांगली, मिरज, जत, फलटण आणि औंध ही मात्र संस्थानं होती, त्यांचे पोलीस त्यांचे स्वतःचे. आटपाडी औंधात होतं. १९४८ च्या विलीनीकरणानंतर ती दलं मुंबई राज्यात आली. अशा गावच्या ठाण्यात 'ब्रिटिश पोलीस' असं सरसकट लिहिलं तर ते चूक ठरतं. तिथे संस्थानचा वार्षिक कारभार अहवाल पाहायचा. त्यात बहुधा पोलिसांवर एक प्रकरण असतं: शिपाई किती, जमादार किती, खर्च किती. औंध, फलटण आणि जत यांना पूर्वी सातारा जहागिरी म्हणत, आणि १९३३ नंतर ही सगळी डेक्कन स्टेट्स एजन्सीखाली (दख्खनच्या संस्थानांवर देखरेख ठेवणारं ब्रिटिश कार्यालय) आली. पुराभिलेखागारात (जुने सरकारी कागद जपणाऱ्या कार्यालयात) मागणी करताना ही नावं माहीत असली की शोध निम्म्यावर येतो. तुमच्या पूर्व भागातही हद्द तपासून घ्या. आज एका ठाण्याखाली असलेल्या गावांपैकी काही संस्थानी आणि काही खालशाची (थेट ब्रिटिश अमलाखालची) असं सर्रास असतं.

आता नोंद. वस्तू जिथे जशा सापडल्या तशा त्यांचे फोटो काढा, धूळ झटकण्याआधी. कोणत्या पेटीत कोणत्या वस्तूशेजारी काय होतं हीसुद्धा माहिती असते. एखाद्या रजिस्टरात घडी घालून ठेवलेली चिठ्ठी बाहेर काढून वेगळी ठेवली की ती कोणत्या प्रकरणाची होती हे कायमचं गेलं. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्या. वर्ष आणि अनुक्रम एवढं पुरे, उदाहरणार्थ २६/००१. कागदावर क्रमांक टूबी पेन्सिलीने, मागच्या कोपऱ्यात, दाब न देता. धातूवर आणि कापडावर काहीही लिहू नका, सुती दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधा. नोंदवहीत रकाने ठेवा: क्रमांक, वस्तू, माप सेंटिमीटरमध्ये, वस्तूवरचा मजकूर जसाच्या तसा, अवस्था, कुठे सापडली, कोणी दिली, आज कुठे ठेवली. शेवटचा रकाना सगळे विसरतात आणि दोन वर्षांनी वस्तू शोधत बसतात.

नोंद होतानाच तीन ढीग पडतील. पहिला, ठाण्याच्या मालकीच्या वस्तू: बिल्ले, कोट, काठ्या, फोटो. दुसरा, अभिलेख: रजिस्टरं, पत्रव्यवहार. तिसरा, ज्याला हात लावायचा नाही तो. तिसऱ्यात मुद्देमाल येतो. जुनी तलवार किंवा कोयता कितीही प्रेक्षणीय असला तरी त्यावर गु. र. नं. ची (गुन्हा रजिस्टर नंबरची) चिठ्ठी असेल, किंवा ती गळून पडल्याची खूण असेल, तर तो मुद्देमाल समजा. त्याची विल्हेवाट न्यायालयाच्या आदेशानेच लागते. मुद्देमाल कारकुनाकडून रजिस्टर पडताळून घ्या आणि आदेश नसेल तर न्यायालयात रीतसर अर्ज करा. 'पन्नास वर्षं झाली, आता कोण विचारतंय' हे उत्तर चालत नाही.

मस्केटचंही तसंच. पोलिसांकडची ती बहुतेक .४१० ची असतात. तुम्हाला निकामी वाटलेलं हत्यार निकामी असतंच असं नाही. जिल्हा मुख्यालयाच्या शस्त्रागारातून आर्मररला (हत्यारं तपासणाऱ्या कारागिराला) बोलवा. ते फायरिंग पिन काढतील, बोल्ट वेगळा करून शस्त्रागारात जमा करतील आणि तसा दाखला देतील. दाखला आणि अधीक्षकांची लेखी परवानगी फाइलला लागल्याशिवाय हत्यार खोलीत आणू नका. लाकडी दस्त्यावर वॉर्निश नको. त्यावर खोदलेले क्रमांक आणि अक्षरं हीच त्याची ओळख, आणि वॉर्निशच्या थराखाली ती बुजतात.

रजिस्टरांकडे जास्त वेळ द्यावा लागेल. सरकारी दप्तराचं, कागद किती काळ जपायचा यावरून, अ, ब, क, ड असं वर्गीकरण असतं हे तुम्हाला ठाऊकच आहे. 'ड' म्हणून रद्दीत जायला निघालेल्या कागदातही कधीकधी सोनं असतं: बंदोबस्ताची वाटणी, घोड्याच्या चाऱ्याची बिलं, गणवेश वाटपाची यादी. पण अभिलेख ठाण्याबाहेर नेणं, कोणाला 'वाचायला' देणं, पानं फाडून फ्रेम करणं हे महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार अंगाशी येऊ शकतं. अस्सल रजिस्टर अभिलेख कक्षात राहू द्या, दालनात त्याच्या निवडक पानाची छापील नक्कल लावा. मी हा नियम सगळ्याच कागदाला आणि फोटोंना लावतो: भिंतीवर नक्कल, पेटीत अस्सल. पाहणाऱ्याला फरक कळत नाही, आणि उजेडाने जे नुकसान व्हायचं ते नकलेचं होतं.

स्कॅनिंगसाठी जाड रजिस्टर फ्लॅटबेड स्कॅनरवर उपडं दाबू नका, पाठीचा शिवणदोरा तुटतो. रजिस्टर उशीवर अर्धं उघडून, वरून स्टँडला लावलेल्या कॅमेऱ्याने फोटो घ्या. दोन एलईडी दिवे दोन बाजूंनी ४५ अंशांत ठेवा आणि फ्लॅश बंद. हस्तलिखित पानाला ३०० ते ४०० पीपीआय (दर इंचाला इतके पिक्सेल), रंगीत, टिफ स्वरूपात. सुट्या फोटोंना ६०० पीपीआय. पहिल्या पानासोबत मोजपट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी फ्रेममध्ये घ्या. तीन प्रती ठेवा, त्यातली एक ठाण्याबाहेर म्हणजे जिल्हा मुख्यालयात. मोडी वाचण्यासाठी घाईने कोणालाही बसवू नका. पुराभिलेख विभागाची मोडी परीक्षा उत्तीर्ण झालेले लोक साताऱ्यात मिळतात. त्यांना आधी फक्त मुखपृष्ठं आणि पहिली दोन पानं वाचायला द्या. रजिस्टर कशाचं आहे हे कळलं की कोणतं पुढे वाचायचं ते ठरवता येतं.

जपणुकीचा भाग हवामानावर अवलंबून आहे आणि आपल्याकडे पन्नास-साठ किलोमीटरांत हवा बदलते. महाबळेश्वर, जावळी, पाटणकडे पावसाळ्यात बुरशी हाच शत्रू. माण-खटाव, आटपाडी, जतकडे पाऊस कमी, तिथे कागद कोरडा होऊन तुटतो आणि धूळ बारीक शिरते. सांगली शहरात आणखी एक प्रश्न आहे, नदीचा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ आहे. तिथे कोणी तळमजल्यावर दालन करायचं म्हणालं तर मी अस्सल कागद वरच्या मजल्याशिवाय ठेवू देणार नाही. तुमच्या पूर्व भागात पुराची चिंता नाही. तुम्ही दोन साधे आर्द्रतामापक घ्या, एक खोलीत आणि एक पेटीत. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राहिली तर उत्तम. ६५ च्या वर बरेच दिवस टिकली तर बुरशी धरते. आकड्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे दिवस-रात्रीत मोठी चढउतार नको. दुपारी एसी आणि रात्री बंद, यापेक्षा एसी नसलेली जाड दगडी भिंतीची खोली बरी.

त्या दगडी भिंतींना मात्र जपा. इमारत सजवायची म्हणून बाहेरून सिमेंटचं पॉइंटिंग आणि आतून ऑइलपेंट लावायची फार हौस असते. जुनी भिंत चुन्याची असेल तर ओल चुन्यातून बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बंद झाली की ओल दगडात आणि आतल्या गिलाव्यात साठते, दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात आणि दालनात कायमचा कुबट वास येतो. दुरुस्ती चुन्यानेच व्हावी, असं बांधकाम विभागाला दिलेल्या पत्रात स्पष्ट लिहा. पॅनल भिंतीला चिकटवू नका, मागे दोन सेंटिमीटर हवा खेळेल अशा पट्ट्यांवर टांगा.

कागदासाठी महागड्या पेट्या मिळाल्या नाहीत तर मांजरपाट घ्या. पेशवे दप्तराचे कागद रुमालात बांधून राहिले, त्यामागे शहाणपण होतं: कापड धूळ अडवतं आणि हवा खेळती ठेवतं. फक्त नव्या मांजरपाटातली खळ जाईपर्यंत तो दोनदा गरम पाण्यात धुवा, कारण कसर त्या खळीवरच येते. डांबराच्या गोळ्या नकोत. कीड त्याने हटत नाही आणि बंद खोलीत कामाला बसणाऱ्याचं डोकं चढतं. कीड लागलेलं रजिस्टर प्लॅस्टिक पिशवीत हवा काढून सीलबंद करा आणि उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आतल्या कागदावर दव धरतं. एक पूर्ण दिवस तसंच राहू द्या. बुरशी असेल तर मास्क लावून, उघड्यावर, सावलीत, मऊ कोरड्या ब्रशने. उन्हात वाळवणं आणि ओल्या फडक्याने पुसणं, दोन्ही नको. लॅमिनेशन आणि सेलोटेप तर मुळीच नको. सेलोटेपचा गोंद दहा वर्षांत तपकिरी होऊन अक्षरात मुरतो आणि मग निघत नाही. बोरू आणि काजळी शाईची जुनी मोडी पानं एकोणिसाव्या शतकातली असूनही ठणठणीत निघतात, आणि १९४२ ते ४६ मधला युद्धकाळातला हलका कागद हातात मोडतो. म्हणजे वय बघून काळजी घेऊ नका, कागद बघून घ्या.

पितळी बकलं आणि बिल्ले चिंचेने किंवा पॉलिशने उजळू नका. त्यावर ठोकलेले शिपाई क्रमांक मुळातच झिजलेले असतात आणि प्रत्येक पॉलिशगणिक थोडे आणखी जातात. कोरडा मऊ ब्रश पुरे. बेड्यांवर सुटा गंज असेल तर ब्रशने झाडा आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या, तेल नको, धूळ चिकटते. चामड्याचे पट्टे तांबूस भुकटी सोडत असतील तर त्यांना तेल पाजू नका, भुकटीचा चिखल होतो. मऊ कागदात गुंडाळून आडवे ठेवा. लोकरी कोट हँगरला लटकवला तर खांदे फाटतात. मांजरपाटाच्या गुंडाळीने बाह्या भरून आडवा ठेवा आणि दालनात मांडायचाच असेल तर वर्षातून दोन-तीन महिनेच.

उजेडाचं एकच सांगतो: कापड आणि कागदावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त नको, थेट ऊन तर नकोच. खिडकीला अतिनील रोखणारी फिल्म लावा. पॅनलचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर ठेवा. मजकूर साठ शब्दांच्या आत, अक्षर मोठं. शाळेची मुलं येणार असतील तर त्यांच्यासाठी खाली, मीटरभर उंचीवर, वेगळी छोटी चिठ्ठी.

फोटोंबद्दल. भिंतभर अधिकाऱ्यांचे फोटो लावायचा बेत मला फारसा पटलेला नाही. ठाण्याचा इतिहास प्रभारी अधिकाऱ्यांच्या यादीत मावत नाही, तीन ओळींचा फलक त्याला पुरतो. ग्रुप फोटोंतले मागच्या रांगेतले शिपाई कोण होते हे शोधणं जास्त मोलाचं आहे, आणि ते शोधायची वेळ सरत चालली आहे. फोटोची मोठी नक्कल काढा, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक द्या. ती घेऊन सेवानिवृत्तांकडे आणि त्यांच्या घरच्यांकडे जा. नाव सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख बाजूला लिहा. दोघांनी वेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा, आपल्या अंदाजाने एक खोडू नका. नावाचं स्पेलिंग सेवापुस्तकावरून पक्कं करा. घरून फोटो किंवा वस्तू मिळाली तर 'देणगी' की 'नकलेसाठी उसनी' हे त्याच दिवशी कागदावर सही घेऊन ठरवा. नंतर घरातल्या दुसऱ्या भावाने मागितली की प्रकरण नाजूक होतं.

ठाण्याच्या बाहेरचे लोकही विसरू नका. गावात पोलीस म्हणजे फार काळ पोलीस पाटील, जागल्या, रामोशी आणि महार हेच होते. १८६७ च्याच आठव्या कायद्याने गावपोलिसांची बाजू बांधली गेली, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतनं गेली, १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी संपली आणि १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाने आजचा पोलीस पाटील आला. तुमच्या हद्दीतल्या पोलीस पाटलांकडे आजोबांचा बिल्ला किंवा नेमणुकीचा कागद असण्याची शक्यता ठाण्याच्या माळ्यापेक्षा जास्त आहे. एक पॅनल त्यांचं ठेवा.

आता अवघड जागा. सातारा-सांगलीतल्या ठाण्याचं दालन १९४२ वगळून पुढे जाऊ शकत नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यात परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्या दिवशी, १० सप्टेंबरला, इस्लामपुरात गोळीबारात पंड्या आणि बारपटे गेले. त्याआधी ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला, तिरंगा लागला, आणि तिथे गोळी चालली नाही. पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा काळ, आणि २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. या प्रत्येक प्रसंगात दुसऱ्या बाजूला खाकी होती, कधी इलाख्याची, कधी संस्थानची.

बहुतेक ठिकाणी यावर दोन उपाय सुचवले जातात. एक, ते वर्षच गाळायचं. दुसरा, 'पोलिसांनीही स्वातंत्र्यलढ्याला हातभार लावला' असं एक गोड वाक्य लिहायचं. पहिला उपाय तुमच्या तालुक्यात चालणारच नाही, लोकांना तारखा पाठ आहेत. दुसरा तेव्हाच लिहा जेव्हा एखाद्या शिपायाने मदत केल्याचा किंवा राजीनामा दिल्याचा कागद हातात असेल. मी अशा पॅनलवर एवढंच लिहितो: तारीख, जागा, मोर्चा कशासाठी होता, काय घडलं, कोण गेलं (नावं पूर्ण), आणि त्या वेळी पोलीस कोणाच्या हुकमाखाली होते. गोळीबाराचा हुकूम कोणी दिला हे लिहायचं तर मूळ कागद हवा, ऐकीव नाव नको. 'जमाव', 'दंगेखोर' हे शब्द सरकारी कागदात येतील. ते उद्धरणात, तारखेसह दाखवायला हरकत नाही, आपल्या मजकुरात मात्र 'मोर्चा' आणि 'आंदोलक'. कच्चा मजकूर हुतात्म्यांच्या गावच्या लोकांना आणि घरच्यांना आधी वाचायला द्या. त्यांनी नावात किंवा नात्यात सुचवलेली दुरुस्ती छापील पॅनल टांगल्यावर करायची वेळ येऊ नये. आणि त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या शिपायांची नावं रजिस्टरात सापडली तर ती पॅनलवर घालू नका. त्यांची नातवंडं त्याच गावात राहतात, आणि पॅनलवर फक्त नाव असलं की वाचणारा निकाल देऊन मोकळा होतो.

दुसरी अवघड जागा 'गुन्हेगार जमाती'ची हजेरी रजिस्टरं. १८७१ चा तो कायदा १९११ नंतर मुंबई इलाख्यात लागला, इथे १९४९ मध्ये रद्द झाला आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ ला संपला. जन्मावरून माणसाला रोज किंवा ठरावीक वेळी ठाण्यात हजेरी लावायला लावणारी ती रजिस्टरं माळ्यावर सापडली तर ती नष्ट करू नका आणि उघडीही मांडू नका. नावं, अंगठे, गावं यांची एकही नक्कल भिंतीवर नको. बंद मुखपृष्ठाचा फोटो, कायदा काय होता आणि कधी गेला एवढं पुरेसं आहे, आणि तेही विमुक्त समाजातल्या कार्यकर्त्यांना दाखवून. अस्सल रजिस्टर पुराभिलेखागाराकडे पाठवायचा प्रस्ताव अधीक्षक कार्यालयातून करा.

याच धर्तीवर, जुन्या गाजलेल्या गुन्ह्यांचं 'गुन्हे दालन' करायचा मोह आवरा. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, साल कितीही जुनं असो. बाकी प्रकरणांतही आरोपी सुटला होता का हे पाहिल्याशिवाय नाव छापणं म्हणजे बदनामीला आमंत्रण. त्याऐवजी तपास कसा चाले ते दाखवा: ठशांची पट्टी, पंचनाम्याचा जुना छापील नमुना, स्टेशन डायरीचं कोरं पान, सायकल गस्तीचा नकाशा. मुलांना तेच जास्त आवडतं.

गौरवाचा भाग त्यामुळे कमी होत नाही. जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवरच्या हल्ल्यात शहीद झाले, २००९ मध्ये त्यांना अशोकचक्र मिळालं. जिल्ह्यातल्या प्रत्येक दालनात त्यांना जागा असावी, पण तुमच्या ठाण्याचे म्हणून नव्हे, जिल्ह्याचे म्हणून. तुमच्या ठाण्यातल्या, कर्तव्यावर असताना मृत्यू आलेल्यांची यादी २१ ऑक्टोबरच्या हुतात्मा दिनाच्या नोंदींवरून आणि सेवापुस्तकांवरून करा. चकमकीत, बंदोबस्तात, अपघातात, आजाराने, असं मृत्यूचं कारण वेगवेगळं लिहा. सगळ्यांना एकाच शब्दाखाली घातलं की घरचेच विचारतात. क्रम हुद्द्याने नको, तारखेने.

आणि मोठ्या प्रसंगांना विसरू नका: ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, २५ जानेवारी २००५ ची मांढरदेवीची चेंगराचेंगरी, २०१९ चा पूर. तुमच्या ठाण्यातले लोक तिथे बंदोबस्ताला गेले असतील तर स्टेशन डायरीत रवानगीची नोंद असते, किती वाजता, किती जण, कोणत्या वाहनाने. अशी एक रवानगीची नोंद मोठी करून लावली तर तिच्याखाली लांब मजकूर लिहायची गरज पडत नाही. मांढरदेवीच्या पॅनलवर गर्दीच्या बंदोबस्तात नंतर तुमच्याकडे काय बदललं ते लिहा: एकेरी वाट, बॅरिकेडची जागा, टेहळणीची ठिकाणं. जे बदललं ते आजच्या बंदोबस्त आराखड्यात दिसतं, म्हणून ते पडताळून लिहिता येतं.

पैशाबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. ठाण्याच्या नावाने लोकवर्गणी अधीक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय सुरू करू नका, हेतू चांगला असला तरी बोभाटा होतो. निधी मिळेल त्यातला निम्मा स्कॅनिंग आणि पेट्यांसाठी बाजूला काढा आणि उरलेल्यात मांडणी बसवा. उलटं केलं तर काचेची कपाटं चकाचक आणि कागद पोत्यात, हे चित्र ठरलेलं.

शेवटी एक कारकुनी काम, जे न केल्याने अशी दालनं बंद पडतात. दोन-तीन वर्षांत साहेबांची बदली होते, तुमचीही होईल. दालनाची नोंदवही वैयक्तिक वहीत ठेवू नका. प्रत्येक वस्तू ठाण्याच्या जडसंग्रह नोंदवहीत (टिकाऊ सरकारी वस्तूंची वही) चढवा, तिचा पान क्रमांक दालनाच्या नोंदवहीत लिहा आणि प्रभार देण्या-घेण्याच्या यादीत 'इतिहास दालन, वस्तू संख्या इतकी, स्कॅन डिस्क एक, चावी दोन' अशी ओळ घालून घ्या. एक चावी ठाणे अंमलदाराकडे, दुसरी मुद्देमाल कारकुनाकडे. येणारे नवे साहेब सही करण्यापूर्वी वस्तू मोजून घेतील, म्हणजे वर्षा-दोन वर्षांनी आपोआप पडताळणी होते. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये एकदा सगळ्या पेट्या उघडून बुरशी-कसर पाहण्याचं कामही कोणाच्या तरी नावावर ड्युटी वाटपात टाका. आर्मररकडून मस्केटचा दाखला आणि मुद्देमाल रजिस्टरची पडताळणी, ही दोन पत्रं या आठवड्यात जाऊ द्यात. उत्तर यायला सर्वात जास्त वेळ त्यांनाच लागतो.